पुस्तकात असं नाहीये

थिएटरात अंधार झाला की तो लगेच ओळखू येतो. पडद्यावर काही घडायच्या आधीच तो श्वास आत ओढतो आणि घडून गेलं की शेजारच्याच्या कानात पुटपुटतो, "पुस्तकात असं नाहीये." शेजारचा बहुधा मित्र असतो, क्वचित बायको, आणि एखादे वेळी पैसे मोजून आलेला, पॉपकॉर्न खात बसलेला, कसलाही गुन्हा न केलेला अनोळखी माणूस. तिघांनाही हे वाक्य सारख्याच कळकळीने ऐकवलं जातं. प्रत्येक आरतीत सगळ्यांच्या एक ओळ पुढे म्हणणारे एक काका असतात, तशी त्याची तऱ्हा. पात्राने तोंड उघडायच्या आत संवाद याच्या ओठांवर आलेला असतो, आणि पात्र भलतंच बोललं तर चूक पात्राची.

हा माणूस म्हणजे अद्भुत कादंबरीचा जन्मठेप झालेला वाचक. वेलिंग्टनपासून वांद्र्यापर्यंत तो कुठेही सापडतो. कुणाचं दैवत हॅरी पॉटर, कुणाचं नार्निया, कुणाचं अर्थसी. पण या जातीचा पूर्ण वाढ झालेला नमुना पाहायचा तर जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'पाशीच जावं लागतं. 1954-55 साली तीन खंडांत आलेली ही कादंबरी. तिच्या शेवटी परिशिष्टं आहेत आणि त्यांत राजांच्या वंशावळी, कालपट, दिनदर्शिका, दोन लिप्या असा सगळा संसार मांडलेला आहे. कादंबरी काय, कुणीही वाचतं. परिशिष्टं वाचलेला तो खरा. कार्यालयात कुणी "मीपण टॉल्किन फॅन" म्हणालं की तो हसून विचारतो, "हो का? परिशिष्ट अ वाचलंयस?" आणि मैत्री बहुधा तिथेच संपते.

आपल्याकडे मुग्धा कर्णिक यांनी ही कादंबरी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली, तेव्हा त्याने पहिली प्रत आईला दिली. वीस वर्षं पोरगं कशापायी वेडं झालंय ते तिला एकदा कळावं, हा हेतू. आईने शंभरेक पानं वाचली आणि चष्मा काढून विचारलं, "अरे, ही माणसं निघणार कधी? सारखी खातच बसलीयेत." ही माणसं म्हणजे हॉबिट आणि ती मिळालं तर दिवसाला सहा वेळा जेवतात, हे प्रस्तावनेतच सांगितलेलं आहे, असं त्याने तिला समजावलं. त्यावर ती म्हणाली, "मग सिनेमा काढला तर तीन तास पुरायचे नाहीत." या विषयावर तिने केलेलं हे एकमेव भाष्य. ते किती बरोबर होतं, हे त्याने अजून तिच्याजवळ कबूल केलेलं नाही.

आपल्या पुस्तकावर सिनेमा निघणार या बातमीने जी धडकी भरते, ती आपल्याच पिढीची, असं त्याला वाटतं. पण या पंथाचा पहिला सभासद म्हणजे खुद्द टॉल्किन. 1958 साली मॉर्टन ग्रेडी झिमरमन नावाच्या गृहस्थाने सिनेमासाठी केलेला कथेचा आराखडा त्यांच्यापुढे आला. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने नापास करायचं ठरवून पेपर तपासावा, तसा तो त्यांनी तपासला. गरुड कुठेही, केव्हाही, बसगाडीसारखे हजर होत होते, त्यावर आक्षेप. एल्फांची लेंबास ही प्रवासातली भाकरी आराखड्यात सत्त्वाची वडी झाली होती, त्यावर आक्षेप. ऑर्क राक्षसांना चोच आणि पिसं कशाला लावली, यावर तर प्राध्यापकमहाशयांनी चक्क शाब्दिक कोटी करून राग काढला. म्हणजे "पुस्तकात असं नाहीये" हे वाक्य सर्वांत आधी ज्याने पुस्तक लिहिलं त्याच्याच तोंडून निघालं होतं. आपल्या नायकाला हे कळलं तेव्हा त्याची छाती दोन इंच फुगली.

तो प्रकल्प बारगळला. मग चाहत्याला दचकून जाग यावी अशा स्वप्नांची रांगच लागली. बीटल्सना हा सिनेमा करायचा होता: जॉन लेनन गोलम, पॉल मॅकार्टनी फ्रोडो, जॉर्ज हॅरिसन गँडाल्फ, रिंगो स्टार सॅम. टॉल्किननीच नकार दिला, असं पुढे पीटर जॅक्सनने मॅकार्टनीच्या हवाल्याने सांगितलं. 1969 साली टॉल्किन यांनी हक्क युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीला विकले, आणि जॉन बूरमनने सगळी कादंबरी एकाच सिनेमात बसवणारी पटकथा लिहिली. तिच्यात मोरियाच्या दाराचा परवलीचा शब्द आठवावा म्हणून बिचाऱ्या गिमलीला खड्ड्यात घालून बदडायचं होतं. हा सिनेमा निघाला नाही याबद्दल आपला नायक दर दिवाळीला मनोमन आभार मानतो. 1978 साली राल्फ बक्षीचा ॲनिमेशनपट मात्र निघाला. तो अर्ध्या गोष्टीवर, हेल्म्स डीपच्या लढाईपाशी संपत होता. 'भाग पहिला' हे शब्द कंपनीने नावातून गाळले, त्यामुळे लोक पूर्ण गोष्ट बघायला गेले आणि अर्धवट परत आले. दुसरा भाग आलाच नाही. पण तो बघणाऱ्यांत न्यूझीलंडमधला एक पोरगा होता आणि सिनेमा पाहिल्यावर त्याने पुस्तक वाचायला घेतलं. तोच पुढे जॅक्सन.

1998 साली न्यू लाइन स्टुडिओने तीन सिनेमांची घोषणा केली आणि दिग्दर्शक म्हणून याच जॅक्सनचं नाव सांगितलं. तेव्हा चाहत्यांनी पहिलं काम केलं ते त्याच्या पूर्वायुष्याची चौकशी. 'बॅड टेस्ट'मध्ये परग्रहवासी माणसांचा फास्ट फूड करतात. 'ब्रेनडेड'मध्ये नायक गवत कापायच्या यंत्राने मुडद्यांच्या जमावाचा फडशा पाडतो. या हातात आपला फ्रोडो द्यायचा? 'हेवनली क्रीचर्स' हा चांगला सिनेमा त्याने केला होता, पण चौकशी करणाऱ्याला चांगली बाजू दिसत नसते. दुसरीकडे आधीच्या स्टुडिओला दोन तासांचा एकच सिनेमा हवा होता आणि जॅक्सन त्यांच्या दारातून बाहेर पडला तो याच कारणाने, हेही कळलेलं. त्यामुळे आपल्या नायकाची गत अशी झाली की सकाळी दिग्दर्शकाला शिव्या आणि संध्याकाळी त्याच्यासाठी नवस.

पात्रयोजना जाहीर होऊ लागली तसा त्याचा रक्तदाब वाढला. पुस्तकात फ्रोडो प्रवासाला निघतो तेव्हा पन्नाशीचा असतो. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा एलायजा वूड अठरा वर्षांचा होता. "अठरा!" तो घरी ओरडला. शेजाऱ्यांना वाटलं, विकेट पडली. ॲरागॉर्नच्या भूमिकेत स्टुअर्ट टाउनसेंडला चित्रीकरण सुरू होता होताच बदलून व्हिगो मॉर्टेनसेनला आणलं. मॉर्टेनसेनने पुस्तकच वाचलेलं नव्हतं. त्याच्या मुलाने गळ घातली म्हणून तो आला. हे कळल्यावर मात्र आपला नायक विरघळला. म्हणाला, "पोराने वाचलंय ना? मग चालेल."

खरी आग लागली ती आर्वेनमुळे. पुस्तकात ही एल्फकन्या जेमतेम दिसते. तिची प्रेमकथाही परिशिष्टात आहे (आणि परिशिष्ट कोण वाचतं ते वर सांगितलंच). लिव्ह टायलरसारखी नटी घेऊन तिला मागे बसवून ठेवणं सिनेमाला परवडणारं नव्हतं. तेव्हा जखमी फ्रोडोला नदीपार नेण्याचं काम ग्लॉरफिंडेलकडून काढून तिला दिलं गेलं. इथवर ठीक. पण हेल्म्स डीपच्या लढाईतही ती तलवार घेऊन उतरणार, अशी कुणकुण लागली आणि चाहत्यांनी तिला टीव्हीवरच्या तलवारबाज झीनाच्या पंक्तीला बसवलं. तशी दृश्यं खरोखर चित्रित झाली होती. पटकथाकारांनी नंतर तो बेत सोडला. मुळातच जमत नव्हतं म्हणून सोडला की ओरड ऐकून, याबद्दल आपल्या नायकाच्या मनात शंका नाही. तो ग्लॉरफिंडेलचा वकील आहे आणि अर्धा खटला आपण जिंकला, असं तो मानतो.

एप्रिल 2000 मध्ये पहिली छोटी झलक इंटरनेटवर आली आणि चोवीस तासांत सतरा लाख वेळा उतरवून घेतली गेली. त्या काळचे मोडेम आठवा. अर्धा तास घरचा फोन अडवून दोन मिनिटं बघायची. पण तिच्यात त्याला ॲलन ली आणि जॉन हाउ यांचा हात दिसला. टॉल्किनची चित्रं वर्षानुवर्षं काढणाऱ्या या दोघांनाच जॅक्सनने न्यूझीलंडला नेऊन बसवलं होतं. पुढे बातमी आली की चिलखतांसाठी सुमारे सव्वा कोटी कड्या हाताने जोडल्या आणि जोडणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजले. हे वाचून तो बराच वेळ गप्प बसला. आपल्याहून वेडे लोक आहेत आणि त्यांना पगार मिळतो, हे त्याला नवं होतं.

2001च्या डिसेंबरात पहिला भाग पडद्यावर आला. शायरची हिरवी टेकडी, गोल दार, गँडाल्फची गाडी, आणि भांडायच्या पूर्ण तयारीने गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांतच रुमाल शोधू लागला. मग त्याला भान आलं: टॉम बॉम्बाडिल कुठाय? जुन्या अरण्यातला, पिवळ्या बुटांचा, सारखा गाणारा हा म्हातारा सिनेमात नव्हता. त्याच्यामुळे अंगठीची गोष्ट पुढे सरकत नाही, असं जॅक्सनचं म्हणणं. बॉम्बाडिलला वगळणं हे आपल्या नायकाच्या मते शतकातलं सर्वांत मोठं पातक आहे. आता, पुस्तक पुन्हा वाचताना ही प्रकरणं आणि त्यांतली गाणी तो स्वतः भराभर उलटतो, हे फक्त त्याच्या बायकोला माहीत आहे. तिने अजून तोंड उघडलेलं नाही.

बॉम्बाडिलचं दुःख मिरवण्याचं. फारामीरचं खरं. पुस्तकातला फारामीर अंगठीचा मोह सहज बाजूला सारतो आणि फ्रोडोला जाऊ देतो. दुसऱ्या भागात तो फ्रोडोला बांधून ऑस्गिलियाथपर्यंत फरफटत नेतो. जिच्यापुढे भलेभले घसरतात असं आपण दोन सिनेमे सांगतोय, ती अंगठी एखाद्याने नुसती झटकून टाकली तर तिची भीती कुणाला वाटेल, असं पटकथाकारांचं स्पष्टीकरण. सिनेमाचा हिशोब म्हणून ते चोख आहे. त्यालाही ते पटलं. पण शाळेत असताना ज्या एका माणसाकडे बघून त्याला वाटलं होतं की पुढे असं वागावं, तो माणूस सिनेमाच्या हिशोबात कापला गेला, आणि त्याला स्पष्टीकरणाची भरपाई पुरत नाही.

सिनेमा वाईट निघेल ही भीती तो चारचौघांत बोलून दाखवतो. न बोललेली भीती वेगळीच. गँडाल्फ म्हणून त्याने वर्षानुवर्षं शाळेतले संस्कृतचे सर वापरले होते. तीच दाढी, त्याच भुवया, आणि चुकीचं रूप सांगितलं की खडूचा अचूक नेम. शायर म्हणजे त्याच्या आजोळचं गाव, फक्त पाऊस थोडा कमी. हे सगळं बिनखर्चाचं नेपथ्य दहाएक वर्षं नीट चाललं होतं. इयन मॅकेलन आले आणि सरांना घर सोडावं लागलं. मॅकेलन अप्रतिमच आहेत, पंचाईत तीच आहे. वाईट नट असता तर सर टिकले असते. बक्षीच्या सिनेमाने त्याचं काही बिघडवलं नव्हतं. जॅक्सनच्या सिनेमाने आजोळ न्यूझीलंडला हलवलं.

आणि मग पुस्तक सगळ्यांचं झालं. ज्याने एक पान वाचलेलं नाही तो कार्यालयातला पोरगा डब्याच्या वेळी गोलमचा आवाज काढू लागला. कुणी म्हणे लेगोलस भारी, ढालीवरून कसला घसरतो! पुस्तकात तो घसरत नाही. कुणी मोठ्या शोधाच्या आवेशात विचारी, "गरुडांवर बसून सरळ का नाही गेले रे?" या प्रश्नाला त्याच्याकडे तीन मिनिटांचं उत्तर तयार आहे आणि ते त्याने आजवर कुणालाही वीस मिनिटांहून कमी वेळात ऐकवलेलं नाही. आपापसातले वाद आणखी बारीक. मोरियातल्या बालरॉगला पंख होते की पंखांसारखी सावली होती? टॉल्किन यांनी आधी सावलीला पंखांची उपमा दिली आणि थोड्याच ओळींनंतर सरळ पंखच लिहिले. तेवढ्या चार ओळींवर लोक हयात घालवतात. जॅक्सनने पंख दाखवले, तेव्हा पंखवाल्यांना वाटलं निकाल लागला. बिनपंखवाल्यांनी वरच्या कोर्टात अपील केलं आहे.

तिसऱ्या भागाचं जागतिक उद्घाटन 1 डिसेंबर 2003 रोजी वेलिंग्टनला झालं तेव्हा रस्त्यावर लाखभर माणसं उभी होती. 29 फेब्रुवारी 2004 रोजी त्याला अकराच्या अकरा ऑस्कर मिळाले. त्या रात्री आपला नायक एवढा खूश होता की फारामीरबद्दल एक शब्द बोलला नाही. पण सारुमानबद्दल बोलला, कारण थिएटरातल्या आवृत्तीतून सारुमानच गायब होता. ते काम करणारे क्रिस्टोफर ली दरवर्षी पुस्तक वाचत, आणि सगळ्या नटसंचात टॉल्किनना प्रत्यक्ष भेटलेले ते एकटेच. त्यांचाच शेवट कापला, तेव्हा ते रागावले आणि चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली. विस्तारित डीव्हीडीवर तो प्रसंग परत आला. तिन्ही विस्तारित भाग मिळून साडेअकरा तासांच्या आसपास जातात आणि श्रेयनामावलीनंतर फॅन क्लबच्या सभासदांची नावं मिनिटामागून मिनिटं सरकत राहतात. ती शेवटपर्यंत बघणारी माणसं आहेत. तीन तास पुरायचे नाहीत हा आईचा अंदाज तिथे खरा ठरला.

इतर पंथांचं दुःख ऐकलं की तो स्वतःला भाग्यवान समजतो. 'नेव्हरएन्डिंग स्टोरी'च्या सिनेमावर मायकेल एन्डे कोर्टात गेले आणि हरले. उर्सुला ले ग्विन यांनी अर्थसीचा नायक तांबूस-सावळा लिहिला होता, 2004च्या टीव्ही मालिकेने तो गोरा केला, आणि त्यांनी त्याबद्दल जाहीर लेख लिहून मालिकावाल्यांना धुतलं. 'गोल्डन कंपास'चा (2007) शेवट कापला गेला आणि पुढचे भाग निघालेच नाहीत. पर्सी जॅक्सन पुस्तकात बारा वर्षांचा, 2010च्या सिनेमात चांगला वाढलेला. आपला फास्टर फेणेही 2017च्या सिनेमात असाच कॉलेजकुमार होऊन आला, तेव्हा भा. रा. भागवतांच्या जुन्या वाचकांनी सायकल आणि हाफपँट कुठे आहे ते विचारलं होतं. पॉटरवाले अजून डोळ्यांवर अडलेत. हॅरीचे डोळे हिरवे हवेत, पण डॅनियल रॅडक्लिफला हिरव्या लेन्स सहन झाल्या नाहीत. आणि 'गॉब्लेट ऑफ फायर'मध्ये डंबलडोर शांतपणे विचारतो असं पुस्तकात छापलेलं असताना मायकेल गॅम्बन हॅरीच्या अंगावर धावून का गेले, याचं उत्तर 2005 पासून थकलं आहे.

एकाच ठिकाणी या जातीला निखळ सुख मिळालं. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या रक्तरंजित लग्नाचा भाग 2013 साली टीव्हीवर आला. पुस्तक 2000 सालचं. तेरा वर्षं गुपित पोटात ठेवलेल्या वाचकांनी त्या रात्री न वाचलेल्या मित्रांना कोचावर बसवलं, समोर कॅमेरा लावला आणि त्यांच्या किंकाळ्या टिपल्या. हे सुख तीनच वर्षं टिकलं. 2016 साली मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली, आणि पुढे काय होणार ते वाचलेल्यालाही ठाऊक नव्हतं. इतका पोरका तो आधी कधी दिसला नव्हता.

टॉल्किनच्या घरी तोवर 'हॉबिट'चा प्रकार होऊन गेला होता. तीनशे पानांच्या बालकथेचे 2012 ते 2014 मध्ये तीन सिनेमे, आणि वर टॉरिएल नावाची मुळात नसलेली एल्फकन्या एका बुटक्याच्या प्रेमात. आता तो कमी कापलं म्हणून नाराज होता. 2022च्या 'रिंग्ज ऑफ पॉवर'मध्ये बुटक्यांच्या बायकांना दाढी नाही, यावरून त्याने मुलीशी तासभर वाद घातला. ती जॅक्सनचे सिनेमे बघत मोठी झालेली. तिला दाढीचं काही नाही. तिची तक्रार अशी की गॅलाड्रिएल केट ब्लँचेटसारखी वागत नाही. पॉटरवर एचबीओची नवी मालिका येतेय, तिथेही तेच: जुन्या सिनेमांना नावं ठेवण्यात ज्यांची जवानी गेली तेच आता नव्या नटांना जुन्या नटांच्या मापाने मोजत बसलेत. ग्रंथ बदलला, पोथी तीच.

सध्या त्याचं डोकं 'द हंट फॉर गोलम' या नव्या सिनेमात आहे. गोलम झालेला अँडी सर्किसच तो दिग्दर्शित करतोय आणि 2027च्या डिसेंबरात आणायचं ठरलं आहे. बिल्बोच्या वाढदिवसापासून फ्रोडो निघेपर्यंत पुस्तकात सतरा वर्षं जातात. जॅक्सनने ती अशी गुंडाळली की गँडाल्फ चार दिवस बाहेरगावी जाऊन आल्यासारखा वाटतो. आता गोलमचा शोध नेमका त्या सतरा वर्षांतला. म्हणजे जागा काढणार कुठून? शिवाय ॲरागॉर्न गोलमला पकडून उत्तरेकडे नेतो तो सुमारे नऊशे मैलांचा प्रवास, पन्नास दिवसांत, पायी. पायी, हे तो दोनदा सांगतो. त्याने एक्सेलमध्ये तारखांचा तक्ता केला आहे, रोजची सरासरी काढली आहे, आणि दिग्दर्शकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा लिहायला घेतला आहे. पहिला मुद्दा गरुडांचा आहे.